टाकीवरचा बोर्ड

आमच्या चिखलीच्या सोसायटीतला हा गडी चाकणला कंपनीत असतो. गावाकडे आईच्या पाण्याच्या टाकीला त्यानं स्वतः जुळवलेला छोटा सेन्सरचा बोर्ड लावलाय. टाकीत पाणी किती, ते याच्या मोबाइलवर दिसतं. बोर्ड गप्प झाला की हा “बोल की राव” म्हणत मोबाइल झटकतो, राउटर-पासवर्डचा जप करतो आणि सुट्टी टाकून गाव गाठतो.

मी एकदा चिडवलं, “एवढा हुशार तू, अन् दरमहा नेटवर्क जातंच कसं?”

“काका, मी यावं म्हणून आई प्लग काढून ठेवते.”

“मग बोल की तिला!”

“कशाला? मीबी दोन दिवस उगाच वायरीच तपासत बसतो.”

आता दीड महिना बोर्ड बिनचूक बोलतोय. हा मात्र जिन्यात थांबून सारखा मोबाइल बघतो, बोर्ड बंद पडला का म्हणून.