कांबळे मॅडमांची घाई

यंत्रासमोर कुणी 'सॉरी' म्हणालं की कांबळे मॅडम खवळायच्या. आमची पहिली भेट त्यावरूनच झाली. मी एम.टेक.च्या मुलाखतीसाठी नेसरीहून कोल्हापूरला आले होते. विद्यापीठात आमच्या विभागाच्या दारात उमेदवारांची ओळख पटवायला अंगठ्याचं यंत्र ठेवलेलं. आदल्या दिवसापर्यंत मी भाताच्या लावणीला चिखलात होते, बोटं पाण्यानं सुरकुतलेली. अंगठा टेकवला की यंत्र म्हणे, 'पुन्हा प्रयत्न करा.' मागची रांग चुळबुळायला लागली. माझ्या तोंडून आपसूक निघालं, "सॉरी."

"कुणाला सॉरी म्हणालीस गं?"

आवाज एवढा मोठा की सगळी रांग वळली. सुती साडी, खांद्याला कापडी पिशवी, हातात अर्धी खाल्लेली काकडी, अशा एक बाई माझ्यामागं उभ्या होत्या.

"मशीनला," मी म्हणाले. "माझा अंगठाच लागंना झालाय."

"अंगठा हाय तिथंच हाय की तुझा. त्याला वळखता येत न्हाय. मग सॉरी कुणी म्हणायचं? तू का त्यानं?"

त्यांनी शिपायाला सांगून मला तसंच आत घेतलं. मुलाखतीच्या खोलीत टेबलापलीकडं त्याच बाई, डॉ. विशाखा कांबळे. बाकीच्यांनी मला गणित विचारलं, प्रोग्रॅमिंग विचारलं. मॅडमनी एकच प्रश्न केला. "मघाशी दारात तुला काय वाटलं, ते सांग. शिकलेलं नको सांगू."

"मीच कुठंतरी कमी पडले असं वाटलं."

"घ्या हिला," त्या शेजारच्या सरांना म्हणाल्या आणि उठून गेल्यासुद्धा. त्यांना दुसरीकडं कुठंतरी जायचं होतं. त्यांना कायमच दुसरीकडं कुठंतरी जायचं असायचं.

आमचा विषय मानव-यंत्र संवाद. माणूस बघतो कुठं, हात कसा हलवतो, बोलतो काय, हे यंत्राला कसं कळावं, याचा अभ्यास. प्रयोगशाळेत नजर टिपणारे कॅमेरे होते, बोटांच्या हालचाली ओळखणारे हातमोजे होते, डोक्यावर चढवून मेंदूचे संदेश टिपायची टोपी होती. पाहुणे आले की बाकीचे प्राध्यापक ती टोपी दाखवायचे. मॅडम पाहुण्यांना विचारायच्या, "पावणं, येताना लिफ्टमधी दार बंद करायचं बटण पटकन सापडलं का?" पाहुणे गडबडायचे. मॅडम म्हणायच्या, "मग टोपी नंतर बघू."

त्या खुर्चीत बसल्याचं मला फारसं आठवत नाही. वर्गात या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत फेऱ्या, फळ्यावर अर्धंच वाक्य, तोवर दुसरा मुद्दा. चहा उभ्यानं. आम्हाला त्या बाहेर हाकलायच्या. बँकेत जा, स्टँडवर जा, दवाखान्यात केसपेपर काढतात तिथं उभं राहा. "माणूस यंत्रापुढं कुठं थबकतो, तेवढं बघून या. का थबकतो ते मग शोधू."

त्यांच्या मोठ्या आवाजाची विभागात चेष्टा व्हायची. वडील इचलकरंजीत यंत्रमागावर कामाला. घर कारखान्याला लागून, दिवसपाळी, रात्रपाळी खडखडाट चालूच. "आमच्या घरात हळू बोलणं म्हंजे न बोलणंच," त्या सांगायच्या. "पोरगी पास झाली हे बी आईनं आप्पांना वरडून सांगिटलं. अख्ख्या गल्लीला कळलं." आणि इकडच्या पुष्कळ बायकांसारखं त्या स्वतःबद्दल बोलताना 'मी आलो, मी जातो' असंच म्हणायच्या. मीही घरी तसंच बोलते. फक्त लिहिताना 'आले' लिहिते. मॅडम लिहितानासुद्धा बदलायच्या नाहीत.

मी पीएच.डी.ला त्यांच्याकडंच राहिले. इकडची बोली ओळखणारं यंत्र करायचं काम होतं. शिरोळपासून नेसरीपर्यंत आम्ही माणसांचे आवाज गोळा करत फिरलो. त्याच सुमाराला मॅडमांचा आवाज बसला. धूळ आहे, फिरणं आहे, असं त्या म्हणत राहिल्या. निर्मलाताईंनी, त्यांच्या धाकट्या बहिणीनं, अखेर त्यांना डॉक्टरकडं ओढून नेलं. निर्मलाताई इचलकरंजीत शाळेत शिकवायच्या. मॅडम जगात त्यांना एकट्यांनाच भ्यायच्या.

तपासण्या झाल्या आणि मॅडमनी आम्हाला फळ्यापुढं उभं राहूनच सांगितलं, "घशाला कॅन्सर हाय. स्वरयंत्र काढणार हाईत. मग बोलता येणार न्हाय. कुणी रडायचं असंल तर आत्ताच रडून घ्या, धा मिनटांनी मला शिकवायचंय."

कुणी रडलं नाही. रडायला त्यांनी सवडच दिली नाही.

ऑपरेशनआधी त्यांचा आवाज साठवून ठेवावा, ही कल्पना माझी. पुरेसं बोलणं मिळालं तर त्यातून त्यांच्याच आवाजात बोलणारं यंत्र तयार करता येतं. मग त्या टाइप करतील ते यंत्र त्यांच्या आवाजात म्हणेल. मॅडम कशाबशा तयार झाल्या. ध्वनिरोधक खोलीत बसवून मी त्यांच्या हातात वाचायची वाक्यं दिली. 'आज हवामान आल्हाददायक आहे.' त्यांनी ते वाचलं, दुसरं वाचलं, आणि कागद खाली ठेवला.

"नेसरी," त्या मला गावाच्या नावानंच हाक मारायच्या, "मी जन्मात असलं कधी बोललेलो न्हाय. हे साठवून काय करणार? मी हवामान खात्यात न्हाय."

"मॅडम, दिवस कमी आहेत."

"तेच म्हणतोय मी. मग हितं कशाला बसवलंयस?"

मग मी त्यांच्या पदराला बारीक माइक लावला आणि त्यांच्यामागं हिंडले. मंडईत कोथिंबिरीवरून झालेलं भांडण, वर्गातलं शिकवणं, रिक्षावाल्याशी गप्पा, निर्मलाताईंना रोजचा फोन. आवाज घोगरा झालेला, मधेमधे खोकला. रोज संध्याकाळी मी यंत्रावर गाड्यांचे हॉर्न आणि खोकला काढून त्यातले कामाचे तुकडे साफ करायची. मनात धाकधूक असायची, हे पुरेल का? मॅडमना वाटायचं मी उगाच पळतेय. आणि मला वाटायचं, या एवढं बोलतात, तरी त्यातलं किती सुटून चाललंय.

ऑपरेशन झालं. श्वासासाठी गळ्याला छिद्र, त्यावर पांढरा रुमाल. विभागात परत आल्या त्या दिवशी आम्ही सगळे त्यांचा आवाज भरलेल्या टॅबलेटभोवती जमलो. मॅडमनी टाइप केलं, 'मी आलो.' टॅबलेटनं परस्पर ते दुरुस्त केलं आणि त्यांच्याच आवाजात म्हणाला, "मी आले."

मॅडमनी पुन्हा टाइप केलं. पुन्हा "मी आले." तिसऱ्यांदा त्यांनी टेबलावर असा हात आपटला की कप लवंडला. ओठ हलत होते, गळ्याच्या शिरा ताणल्या होत्या, आणि आवाज नव्हता. ते बघवेना. त्यांना ओरडता येत नाही, हे त्या क्षणी आम्हाला खरं कळलं, कदाचित त्यांनाही.

ती दुरुस्ती मी त्याच दिवशी काढून टाकली. 'न्हाय' टाइप केलं तर 'न्हाय'च यायला लागलं. मॅडमनी बराच वेळ वेगवेगळी वाक्यं बोलवून पाहिली. मग टाइप केलं, "आवाज माझा हाय. पण ह्याला घाई न्हाय. मेल्याला कुटं जायचंच न्हाय."

ते खरं होतं. आम्ही वेग वाढवून पाहिला, तर नुसता चिवचिवाट झाला. पण खरी अडचण आवाजाची नव्हतीच. ती विभागाच्या बैठकीत कळली. बोलीच्या प्रकल्पातली गावं कमी करावीत असं कुणीतरी सुचवलं. मॅडम टाइप करायला लागल्या. त्यांचं वाक्य पुरं होईतोवर विषय बदलून परीक्षेच्या वेळापत्रकावर गेला होता. टॅबलेट बोलला तेव्हा सगळ्यांनी आदरानं ऐकलं, माना डोलावल्या आणि पुढं चालू ठेवलं. बोलताना लोक बघत होते तेही टॅबलेटकडं. आयुष्यभर दुसऱ्याला मधेच तोडणाऱ्या बाईला कुणी तोडतसुद्धा नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी पोचायच्या आधी त्या प्रयोगशाळेत येऊन बसल्या होत्या. हो, बसल्या होत्या. मला टॅबलेट दाखवला. "आपण समदे आवाजाच्या मागं लागलो. बोलणं म्हंजे आवाज न्हाय. मधी घुसता आलं पायजे. मला घुसायचं बटण करून दे."

आम्ही ते केलं. पडद्याच्या कडेला मोठं तांबडं बटण. दाबलं की तत्क्षणी, घोगऱ्या, चढ्या आवाजात, "थांबा की! मी बोलतोय!" हे वाक्य यंत्रानं बनवलेलं नव्हतं. मंडईतल्या भांडणातून तसंच्या तसं उचललेलं होतं, म्हणून त्यात घाई होती. पुढच्या बैठकीत मॅडमनी ते एवढ्या वेळा दाबलं की विभागप्रमुखांनी हात जोडले. शेजारी आणखी एक बटण आलं: "हिकडं बघा, माझ्याकडं." गावं कमी झाली नाहीत. आणि माझ्या प्रबंधाचा विषय बदलला: वाचा गेलेल्या माणसाला संभाषणात शिरता कसं येईल.

दीड वर्ष त्या शिकवत होत्या. मग आजार परतला.

विभागात त्या शेवटच्या आल्या तेव्हा वजन निम्म्यावर आलं होतं, तरी उभ्याच होत्या. सगळ्यांसमोर त्यांनी टाइप केलं, "मी गेल्यावर ह्या यंत्राकडनं माझ्या आवाजात एक शब्द बी वदवायचा न्हाय. मी जे बोललो ते बोललो. जे बोललो न्हाय ते माझ्या तोंडात घालायचं न्हाय. नेसरी, ते तू पुसायचंस."

विभागप्रमुख म्हणाले, "मॅडम, एवढं मोठं काम आहे, पुढच्या मुलांना दाखवायला तरी..."

मॅडमनी तांबडं बटण दाबलं.

त्या गेल्या. शोकसभेच्या आधी विभागप्रमुखांनी मला बोलावलं. शेवटी मॅडमांच्या आवाजात विद्यार्थ्यांना दोन वाक्यांचा आशीर्वाद ऐकवावा, असं त्यांच्या मनात होतं. माणूस वाईट नव्हता. त्यांचे डोळे सुजलेले होते. मी नाही म्हणाले. पण यंत्र पुसलंही नाही. आज पुसू, उद्या पुसू. प्रबंध व्हायचा होता, हे कारण मी स्वतःला देत होते. खरं म्हणजे हात धजत नव्हता.

मग एका दुपारी निर्मलाताई आल्या.

"त्यात ती बोलती म्हणं अजून," त्या दारातूनच म्हणाल्या. "मला एकदा 'निमे, जेवलीस का' म्हणू दे की. बास एवढंच."

टाइप करायला मला काही क्षण लागले असते. "त्या नको म्हणाल्यात, ताई."

"ती नको म्हणाली! तिला काय जातंय? मागं ऱ्हायलोय मी!"

मी टॅबलेट बाजूला सरकवला. मी म्हणाले, "त्या खरंच जे बोलल्यात, ते आहे. ते ऐकूया."

मी पदराच्या माइकवरची मूळ ध्वनिमुद्रणं लावली. आम्ही ऐकत बसलो. कोथिंबिरीचं भांडण आलं तेव्हा निर्मलाताई हसल्या. मग मॅडमनी त्यांना केलेले फोन आले. एकाही फोनवर मॅडमनी 'जेवलीस का' विचारलं नव्हतं. "कुटं हाईस, रिक्षानं ये, चालत येऊ नगो, ठेवतो आता, ठेवतो म्हटलं की." मग खोकला. निर्मलाताईंनी तोंडाला पदर लावला. उजेड खिडकीतून सरकून भिंतीवर गेला तेव्हा त्या म्हणाल्या, "पुस आता ते दुसरं."

मी यंत्रातला आवाज पुसला. त्या बघत उभ्या होत्या. पुसायला फार वेळ लागला नाही.

"फोनची ध्वनिमुद्रणं तुम्हाला देते," मी म्हणाले. "दोन दिवस द्या, साफ करून देते. हॉर्न, खोकला, सगळं काढता येतं."

"काय काढू नकोस," निर्मलाताई म्हणाल्या. "खोकला ऱ्हाऊ दे. खोकत खोकत बी माझ्याशी बोलत हुती ती."

मी ती होती तशीच त्यांच्या मोबाइलवर घातली. त्यांनी तो पर्समध्ये ठेवला नाही, हातातच धरला, आणि इचलकरंजीची एस.टी. गाठायला निघून गेल्या.