फुगलेले केंड

सकाळी किनाऱ्यावर रापण ओढली जात होती. जाळं जड लागत होतं म्हणून सगळे खुशीत होते. वाळूवर आले ते मात्र केंड मासे, टम्म फुगलेले, अंगभर काटे उभारलेले. मी वाकून एकाला हात लावणार, तोच होडी चालवणारे म्हातारे तांडेल म्हणाले, "नको गो बाय, विषारी मासो तो."

कॉलेजच्या संग्रहालयात मी असाच एक मासा दगडात पाहिला होता. लाखो वर्षं झाली, तरी त्याचे काटे ताठच होते. तो ज्याला भ्यायला होता, त्याची मात्र दगडात काहीच खूण नव्हती.

"आपल्याला किती घाबरलेत बिचारे," मी म्हटलं.

तांडेल समुद्राकडे बघत होते. "आमका न्हय. जाळा टाकूच्या आधीच फुगलेले होते. होडीतसून बघितलंय मी."

त्यांचा भाऊ दत्ता अजून छातीभर पाण्यात, जाळ्याचं अडकलेलं टोक सोडवत होता. तांडेल एकदम ओरडले, "दत्ता, जाळा सोड! आधी भायर ये!"

दत्ता धडपडत बाहेर आला. जाळ्याचं टोक तिथेच राहिलं. ते आणायला त्या दिवशी कुणी पाण्यात उतरलं नाही, आणि का, हे मीही विचारलं नाही.