आहेवभाजी

आमच्या साडूंना देवाने एकच जन्म दिला आणि त्याची दुसरी प्रत काढून ठेवली नाही, याबद्दल ते देवावर अजून नाराज आहेत. बाकी त्यांच्या संसारात एकटी अशी वस्तू सापडायची नाही. चष्मे दोन, एक नाकावर आणि एक खिशात. पेनं दोन, आणि दोन्हीही चालणारी. घराच्या किल्ल्या तीन, त्यातली एक शेजारच्यांकडे. शेजारच्यांचीही एक किल्ली त्यांच्याकडे असते, कारण शेजारी गावाला जाताना आपली किल्ली हरवणार यावर त्यांचा गाढ विश्वास. माझ्या लग्नात मेहुणीने माझे बूट पळवले आणि हजार रुपयांवर अडून बसली, तेव्हा साडूंनी गर्दीतून वाट काढत येऊन पिशवीतला नवा जोड माझ्या पायाशी ठेवला. अगदी मापाचा. बूट पळवणारी मेहुणी ही त्यांचीच बायको. तिने नंतर कितीतरी दिवस त्यांच्या ताटात भाकरी जरा लांबूनच वाढली असं म्हणतात. पण साडूंना त्याचं काही नाही. कुणी नवी वस्तू दाखवली, मग ती गाडी असो, दात असो की सून, की ते आधी कौतुक करतात आणि मग हळूच विचारतात, "दुसरी कोठे शे?"

आयुष्यभर कचेरीत कारकुनी करून ते नंदुरबारला निवृत्त झाले आणि त्याच सुमारास त्यांच्या घरात कॉम्प्युटर आला. हे म्हणजे खवय्याला आचाऱ्याच्या घरी भाड्याने खोली मिळण्यासारखं झालं. एकाच वस्तूच्या हव्या तितक्या प्रती, जागा लागत नाही, धूळ बसत नाही, आणि बायकोला दिसतही नाहीत. त्यांनी लगेच कायदा केला. प्रत्येक कामाच्या फाईलीच्या प्रती तीन ठिकाणी. एक स्वतःच्या घरी, एक रनाळ्याला बहिणीकडे गव्हाच्या कोठीत, आणि एक थेट तोरणमाळला, त्यांच्या कचेरीतल्या जुन्या शिपायाच्या घरी. कशासाठी, तर तापीला केवढाही पूर आला तरी पाणी सातपुडा चढणार नाही. मी एकदा म्हटलं, "अहो साडूभाऊ, आता लोक सगळं क्लाऊडवर ठेवतात." ते म्हणाले, "मन्हं बी ढगातच शे. श्रावणात तोरणमाळले जाई या. ढग दारात येई बठस."

पण त्यांची खरी करामत फाईलींच्या नावात. जुनी प्रत ते कधी पुसत नाहीत. दर वेळी नवी काढतात, आणि तिला तारीख न देता त्या दिवशी जे घडलं त्याचं नाव देतात. त्यामुळे त्यांच्या कॉम्प्युटरवर 'बैल_सुटना' (म्हणजे सुटला), 'लाईट_गयी', 'व्याही_न_जेवता_गया' अशा फाईलींची रांग लागलेली असते. तारीख का नाही, असं विचारलं तर म्हणतात, "मशीनले तारीख कोण सांगस? आपण. मंग ती खोटी बी ऱ्हास. पण बैल सुटना, हाई कोणी इसरस का?" हे ते तीस वर्षं मराठी शिकवलेल्या मास्तराला, म्हणजे मला, समजावून सांगतात.

आता माझ्याकडे वळतो, कारण या गोष्टीत गाढवपणाचं काम माझ्याकडे आहे.

आमच्या सासूबाई धानोऱ्याला असतात. घरातले सगळे त्यांना माय म्हणतात, म्हणून आम्ही दोघे जावईही माय म्हणतो. मायच्या हाताची चव पंचक्रोशीत ठाऊक, पण सगळा कारभार चिमटीचा; कागदावर एक अक्षर नाही. येत्या चैत्रात तिला ऐंशी पुरी होणार, तेव्हा घरच्या कार्यक्रमात सगळ्यांच्या हातात मायच्या रांधण्याचं छापील पुस्तक द्यायचं, असं आम्ही गेल्या हिवाळ्यातच ठरवलं. माय सांगायची आणि मी लॅपटॉपवर टाईप करायचा. दिवस मिरचीचे होते. अंगणभर लाल मिरची वाळत घातलेली, मी ओट्यावर, आणि दर दोन ओळींना शिंका. डोळे अगदीच भरले की मी धुवायला आत जाई आणि माझ्या जागी साडू बसत. त्यांना मिरचीचं काही होत नाही. बहुधा नाकाची दुसरी प्रत लावून येत असावेत. अशी ती दीडशे पानं झाली. मायची अहिराणी जशीच्या तशी. महाशिवरात्रीच्या यात्रेला तोरणमाळला जाताना साडूंनी त्यातली एक प्रत वर नेऊन ठेवली.

बरं झालं तेव्हाच लिहून घेतलं. या हिवाळ्यापासून माय एकच प्रश्न दोनदा विचारते. पुरणाला डाळ किती, हे सांगता सांगता थांबते आणि आपल्या हाताकडे बघत बसते, जणू माप तिथेच कुठेतरी पडलेलं असावं. आता परत विचारून लिहिण्याची सोय उरली नव्हती. जे होतं ते त्या फाईलीत होतं.

आणि ती फाईल माझ्या हातात होती. वर्षभर मी तिच्यावर 'संस्कार' करत होतो. माय सांगताना मध्येच "हाई लिखानं नही" म्हणायची. म्हणजे हे लिहायचं नाही. मग लिहिलंच कशाला, अशा मास्तरी शिस्तीने मी ते शब्द शोधून शोधून तिथले तिथले परिच्छेद न वाचता उडवले. फाल्गुनात छपाईची वेळ आली आणि माझ्यातला परीक्षक पुरता जागा झाला. पुस्तक म्हटलं की प्रमाण भाषा. दीडशे पानांत 'शे'चं 'आहे' कोण करत बसणार? मला ते 'सगळे बदला'चं बटण ठाऊक होतं. 'शे'च्या जागी 'आहे'. दाबलं. 'ले'च्या जागी 'ला', म्हणजे 'तुले'चं 'तुला'. दाबलं. यंत्राने अभिमानाने कळवलं की अमुक इतके बदल केले. तो आकडा बघूनच मला शंका यायला हवी होती. मी चहा प्यायलो.

चहानंतर पहिलं पान उघडलं. मथळा होता 'आहेवभाजी'. खाली साहित्य: आहेंगदाणे एक वाटी, आहेव दोन मुठी. पुढे मायची थोरली लाक माहेरी आली होती आणि आहेजारीण तिला बघायला आली होती. माय शेताला वावर म्हणते म्हणून तेवढी जमीन वाचली.

घाबरलेला माणूस जे करतो ते मी केलं. म्हणजे तेच बटण उलटं दाबलं. 'आहे'चं 'शे', 'ला'चं 'ले'. शेवभाजी परत आली खरी, पण तिच्यातले 'मसाले' मुळात मसाले होते की मसाला, हे मला कळेना. लाल मिरची 'लेल' झाली, लाडूंचे 'लेडू' झाले, आणि माझी शुद्ध प्रस्तावना 'हे पुस्तक वाचकांच्या हाती देताना आनंद होत शे' अशी संपली. काही चुका डोळ्यांना दिसत होत्या. पण उरलेल्यात मायचं काय आणि माझं काय, हे आता मलाही सांगता येत नव्हतं. या अवस्थेत मी फाईल सेव्ह केली. का, ते विचारू नका. सवय.

दुसऱ्या दिवशी साडूंकडे गेलो. मायचं पुस्तक पुरं गेलं, हे सांगायला जीभ रेटेना. ते अंघोळीला गेले होते. वाटलं, ते येण्याआधी गुपचूप त्यांच्याकडची चांगली प्रत घ्यावी. माझा पेनड्राईव्ह लावला आणि घाईत उलट्या दिशेने कॉपी केलं. यंत्राने विचारलं, याच नावाची जुनी फाईल आहे, बदलू का? मी शिकलेला माणूस, हो म्हटलं. तरी इतर जुन्या प्रती शिल्लक असत्या, पण मागच्याच रविवारी 'बैल_सुटना', 'लाईट_गयी' ही नावं बघून मला वाटलं होतं की साडूंच्या यंत्रात कचरा साठलाय. मोठ्या मायेने तो मीच आवरून दिला होता. कचऱ्याची पेटीसुद्धा रिकामी करून.

साडू पंचा गुंडाळून बाहेर आले आणि मी सगळं ओकलो. ते रागावतील असं वाटलं होतं. ते खुर्चीवर बसले, नाकावरचा चष्मा काढला, खिशातला घालायला गेले, तर अंगात सदराच नव्हता. मग हळू आवाजात म्हणाले, "दुसरी कोठे शे?" या वेळी उत्तरही त्यांनीच दिलं. "रनाळाले."

रनाळ्याला त्यांच्या बहिणीने गव्हात कोपरापर्यंत हात घालून पेनड्राईव्ह काढून दिला. लावला, तर आतून हळदीची गाणी वाजायला लागली. "पुतणीनं लगीन व्हतं ना," बहीण म्हणाली. "गाना बसेत ना, मंग आम्ही जुनं काही व्हतं ते काढी टाकं. तुन्हं व्हतं का ते, भाऊ?" साडूंनी पेनड्राईव्ह तिला परत दिला. परतताना गाडीवर माझ्याकडे न बघता म्हणाले, "तिसरी ठेवस तव्हय तुम्ही हसतस, साडूभाऊ."

मग तोरणमाळला निघालो. प्रकाशा गावाजवळचा तापीचा पूल झाला, शहादा झालं, घाट लागला. साडूंनी दोन पाण्याच्या बाटल्या घेतल्या होत्या आणि एक मला दिली, यावरून मी ओळखलं की मला अजून नातेवाइकांतून काढलेलं नाही. घाटाच्या वळणावळणाला मला वाटत होतं, तिथेही कुणाची हळद झाली असली तर?

शिपाईदादांचं घर पठाराच्या कडेला. पावरा जमातीचा माणूस, सडपातळ, बोलणं मोजकं. त्यांनी आम्हाला आधी खाटेवर बसवलं, पाणी दिलं, आणि मग आढ्याला टांगलेला वाळक्या भोपळ्याचा तुंबा उतरवला. त्याचं बूच काढून ज्वारीच्या दाण्यातून पेनड्राईव्ह बाहेर काढला. मी विचारलं, "दादा, इथं का ठेवलाय?"

"आम्ही बियाणं यातच ठेवतो, गुरुजी," ते म्हणाले. "कीड लागत नाही. साहेब म्हणाले, हे गेलं तर परत पेरता येत नाही. मग बियाणंच झालं ना."

साडूंनी लॅपटॉप उघडला. दोन फाईली होत्या. 'म्हैस_व्यायनी', यंदाच्या यात्रेतली, म्हणजे बटणाआधीची पण माझ्या संस्कारांनंतरची. आणि 'मिरची_वाळत_घाली', त्या पहिल्या हिवाळ्यातली. मला पहिली पुरेशी होती. साडूंचं बोट दुसरीवर गेलं. "हाई वाचा," ते म्हणाले. "शेवभाजीनं पान."

मी वाचलं. शेव घरनी व्हई तरच भाजी करजो, असं सगळं होतं तसं होतं. आणि खाली, मी कधीच न वाचलेल्या ओळी, मी आत डोळे धूत असताना साडूंनी टाईप केलेल्या: 'धाकला जवाईले तिखट सोसस नही, पन बोलस नही. तेन्ही वाटीमा मी आगोदरच दही फिरवी देस. हाई लिखानं नही.'

धाकला जवाई म्हणजे मी. गेली सव्वीस वर्षं मी चारचौघांत सांगत आलोय की खानदेशी शेवभाजी लोक उगाच तिखट म्हणतात, मला तर काही होत नाही. साडू खाटेवर बसून दरीकडे बघत होते. त्यांना हे पहिल्यापासून ठाऊक होतं. बोलले नव्हते, मायने लिहायचं नाही म्हटलं होतं, सांगायचं नाही असंच त्यांनी ते घेतलं होतं.

परतीच्या वाटेवर धानोऱ्याला उतरलो. माय ओट्यावर शेंगा फोडत बसली होती. मी लॅपटॉप मांडीवर घेऊन ते पान तिला वाचून दाखवलं, सगळं, न लिहायच्या ओळींसकट. ती नीट कान देऊन ऐकत होती. मग म्हणाली, "हाई कोनी सांगं?"

"तुम्हीच, माय."

"मी?" तिने माझ्याकडे निरखून पाहिलं. "मंग खरं शे. तिखट लागस ना तुम्हले?"

"लागस, माय," मी म्हटलं. इतक्या वर्षांत पहिल्यांदा.

ती हसली. पदर तोंडाला लावून, खांदे हलेपर्यंत हसली. साडूंनी लॅपटॉप माझ्या मांडीवरून अलगद उचलला, त्या फाईलीची नवी प्रत काढली आणि एका बोटाने नाव टाईप केलं: 'माय_हसनी'. प्रमाण भाषेत 'हसली' हवं, हे माझ्या तोंडाशीही आलं नाही.

चहा झाला. मायने उरलेल्या शेंगा फोडल्या, टरफलं पदरातून झटकली आणि लॅपटॉपकडे बोट करून विचारलं, "त्यामा काय शे, जवाई?" मी साडूंकडे पाहिलं. त्यांनी होकाराची मान डोलावली. मी तेच पान पुन्हा उघडलं आणि पहिल्यापासून वाचलं. ती तितकंच कान देऊन ऐकत राहिली, त्याच ओळीला थांबली, कोणी सांगितलं ते विचारलं, आणि तशीच, खांदे हलेपर्यंत हसली.

साडूंनी चष्मा काढून पुसला. मग खिशातला दुसराही काढून पुसला. आणि लॅपटॉप पुढे ओढून त्याच फाईलीची, एक अक्षरही न बदललेली, आणखी एक प्रत काढून नाव दिलं: 'माय_हसनी_दुसरी'.