धुतलेली मेथी

मखमलाबादला आमच्या बांधाला लागून झुंबरचा मळा. मेथी, कोथिंबीर, शेपू. या घराला एकाच गोष्टीचा माज. आमची भाजी धुतलेली असते म्हणे! बाकी आम्ही सगळे जुड्या बांधून मातीसकट नाशकात नेतो. यांची जुडी मात्र हौदात बुचकळून, झटकून, मग पाटीत. आणि बुचकळणार कोण? सून. झुंबरच्या हाताला काय मेंदी लावलेली होती?

सून म्हणजे झुंबरची बायको छाया, निफाडकडची. शहाण्णव सालच्या थंडीत तिची बोटं हौदातून बाहेर आली की खडूसारखी पांढरी पडायची, मग निळी. तिनं मला दाखवली तेव्हा मी ती पदरात धरून चोळली. सासू चंद्रभागाबाई म्हणाली, "पाणी गारच असतं. आम्ही काय ऊन पाण्यात धुतल्या का?" हे बोलताना बाई ओट्यावर उन्हात पाठ शेकत बसली होती.

पुढं छायाच्या हाताची कातडी ताठ झाली, मग तोंडाची. चेहरा असा गुळगुळीत की बाजारातल्या बाया विचारायच्या, कोणतं क्रीम लावते गं? तोंड पुरतं उघडेना, भाकरी कुस्करून खायची. सासू म्हणे, नखरे. मूठ वळेना, तरी हौद काही सुटला नाही.

मग दम लागायला लागला. हौदापासून रस्त्यापर्यंत पाटी न्यायची तर वाटेत बसावं लागायचं. कोरडा खोकला वेगळाच. झुंबरनं एका डॉक्टरकडं नेऊन छातीचा फोटो काढला. फोटो साफ! झालं. झुंबरनं तो फोटो गावभर मिरवला. पारावर काय, डेअरीत काय, उन्हाकडं धरून दाखवायचा, "बघा, काय बी नाय. कामाचा कंटाळा, दुसरं काय?" आणि बघणारे तरी कसले दीडशहाणे! फोटो उलटा धरून माना डोलवायचे.

मी म्हटलं, "अरे झुंबर, फोटो साफ हाय, पण बायको उभ्या उभ्या धापा टाकती, ते दिसत नाय का?"

"कलामावशी, तुम्ही डॉक्टर का?"

नाही रे बाबा. मला नुसते डोळे आहेत.

अशीच वर्षं गेली. शेवटी छायाचा भाऊ कुंदन आला आणि कुणाला न विचारता तिला नाशकातल्या मोठ्या दवाखान्यात घेऊन गेला. मीही गेले सोबतीला. तिथल्या डॉक्टरीणबाईंनी आधी तिचे हात हातात घेतले, चेहरा निरखला. नळीत फुंकायला लावलं. मशीनमध्ये झोपवून छातीचे फोटो काढले, एकदा श्वास भरून आणि एकदा सगळा सोडून. म्हणाल्या, "याला स्क्लेरोडर्मा म्हणतात. कातडी ताठ होते, आणि यांना आतूनही धरलंय. फुप्फुसातल्या अगदी बारीक नळ्या आवळल्यात. श्वास सोडला तरी हवा आत अडकून राहते. साध्या फोटोत हे दिसत नाही." पुरतं बरं होणार नाही, पण गोळ्यांनी आवरता येईल. गार पाण्यात हात मात्र अजिबात घालायचा नाही.

छाया रडायला लागली. मला वाटलं, घाबरली. तर म्हणाली, "मावशी, मी खोटं बोलत नव्हते हो."

घरी चंद्रभागाबाईनं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "हवाच अडकली ना? मग हवेचा कसला आलाय आजार!" धन्य ती माउली! पण कुंदन समोर उभा होता म्हणून सुनेला कामाला धाडता येईना. छाया हौदावरून सुटली.

कसली सुटली! आठवड्याभरात सकाळी मी बांधावर गेले, तर हौदाशी तिची पोर भाग्यश्री. चौथीतली. शाळेच्या कपड्यात, कोपरापर्यंत हात पाण्यात. बाप शेजारी जुड्या बांधतोय. लाज कशाशी खातात हे या घराला कुणी शिकवलंच नाही.

तेवढ्यात छाया घरातून आली. पळता येत नव्हतं, थांबत थांबत आली. पोरीला मागं ओढलं. हौदाच्या बुडाशी पाणी सोडायच्या भोकात बाहेरून चिंध्यांचा बोळा ठोकलेला होता, तो उपटायला लागली. ताठ बोटांत धरता येईना. मग दोन्ही मनगटांत पकडून ओढला आणि सरळ शेजारच्या विहिरीत फेकला. हौदाचं पाणी मेथीच्या वाफ्यात धो धो गेलं.

"काय केलंस गं हे!" झुंबर ओरडला.

तिला बोलायला श्वास पुरेना. छाती धरून उभी राहिली, मग म्हणाली, "माझी पोर... पाण्यात हात... घालणार नाय. भाजी... न्या तशीच."

बाजार गाठायचा होता. झुंबर शिव्या देत जुड्या मातीसकट घेऊन निघाला. मीही माझी कोथिंबीर घेऊन त्याच्याच शेजारी बसले, मुद्दाम. म्हटलं, बघू तर खरं. गिऱ्हाईकं आली. जुडी उचलायची, झटकायची, पिशवीत टाकायची. भाजी आज धुतलेली का नाही, हे एकानंही विचारलं नाही. रोजच्या वेळेला पाटी रिकामी झाली.