पट्टा लावलेली रिकामी सीट

शहाजी येलपले दर शुक्रवारी आमच्याकडे अल सद्दला जेवायला येतो. मूळचा सांगोल्याकडचा, वय पंचावन्न, आणि अठरा वर्षं दोह्यात ड्रायव्हर. बायको फुलाबाई गावी असते. दारात चपला काढतानाच तो ओरडतो, "बाई, पिठलं झालंय का, का अजून पडदाच वर गेला न्हाई?" मी चाळीस वर्षं रंगमंचावर काढली, याचं त्याला फार कौतुक. मला त्याचं जास्त. नट नसूनही तो कित्येक वर्षं एका नाटकात काम करतोय, आणि त्यातलं मुख्य पात्र अजून एकदाही रंगमंचावर आलेलं नाही.

शहाजी एका हॉस्पिटलची व्हॅन चालवतो. व्हॅनमधले डॉक्टर, नर्स सगळे एका लांबच्या बेटावरून आलेले. त्या बेटावर एक क्रांतिकारक बंदूक घेऊन डोंगरातून उतरला, त्याने जमीनदारांना हाकललं, लाल झेंडा लावला आणि मग पन्नास वर्षं खुर्चीवरून उठलाच नाही. तो मरूनही आता बरीच वर्षं झाली. पण त्याची माणसं त्याचं नाव घेत नाहीत. हनुवटीखाली हात धरतात आणि हळूच खाली ओढतात, लांब दाढी कुरवाळल्यासारखा. बस्स, झालं नाव घेऊन.

शहाजीने हे करून दाखवलं तेव्हा मी परातीतले हात तसेच ठेवून त्याच्याकडे बघत राहिले. राजा दाखवायला राजा लागत नाही, हे आम्ही फार मेहनतीने शिकलो होतो. बाकीच्यांनी त्याच्या खुर्चीला वळसा घालून चालायचं, की प्रेक्षकाला राजा दिसतो. या माणसांना ते कुणी शिकवलं?

शिकवलं होतंच. सुरुवातीला त्यांच्यातलाच एक जण व्हॅनमध्ये ड्रायव्हरशेजारी बसायचा. कोण कुणाशी काय बोललं, यावर त्याचं लक्ष. एक दिवस त्याला परत बोलावलं. त्याच्या जागी कुणी आलं नाही, पण ती सीट रिकामीच राहिली. चौदा माणसं मागे अंग चोरून बसतात, पुढे कुणी येत नाही. कुणी बोलतही नाही.

त्यातच सीटखालचा सेन्सर बिघडला. त्याला वाटायचं, कुणीतरी बसलंय, आणि पट्टा लावा म्हणून टिंग टिंग सुरू. गॅरेजवाला बशीर म्हणाला, "नया पार्ट आने तक खाली सीट को ही पट्टा लगा दे, खलास." तो पार्ट काही आला नाही. तेव्हापासून त्या सीटवर रोज पट्टा असतो. छातीच्या उंचीवर ताणलेला.

"भ्या वाटत न्हाई का रे?" मी विचारलं.

"पयल्यांदा वाटायचं, बाई. एकदा त्या बाजूची एसीची जाळी बंद केली, म्हनलं उगं कशाला वारं. तर मागनं कुनीतरी बारीक आवाजात म्हनलं, खोल दो, उसको गर्मी होगा. कोन म्हनलं, ते आजपत्तुर कळलं न्हाई. सगळी खाली बघत हुती, हात तेवढं हनुवटीखाली."

मला एकदा त्याने त्या व्हॅनमधून बाजारात नेलं. गाडी पूर्ण रिकामी. मी पुढचं दार उघडायला गेले, तर शहाजी घाईने म्हणाला, "बाई, तुम्ही मागं बसा. मागं ऐसपैस हाय." आणि मीही, कुणाला न भिणारी बाई, मुकाट मागे जाऊन बसले.

शहाजीचे वडील लाल बावट्याच्या मोर्चात चालणारे. त्यामुळे त्याने एकदा त्यांच्यातल्या म्हाताऱ्या डॉक्टरला सरळ विचारलं, तुमचा तो माणूस चांगला होता की वाईट? डॉक्टर पेशंटांकडून उचललेल्या मोडक्या हिंदीत म्हणाला, "माझा बाप ऊस तोडायचा. त्या माणसाने मला डॉक्टर केलं. वाईट बोलवत नाही. चांगलं बोलून बोलून थकलो."

यामिला नावाची नर्स त्यातलीच. तिचा भाऊ आठ वर्षांपूर्वी होडीतून बेट सोडून पळाला होता. पळालेल्यांशी संबंध ठेवायचा नाही, हा नियम. कळलं तर तिला परत पाठवतील आणि पुन्हा बाहेर सोडणार नाहीत. तो भाऊ विमान बदलताना काही तास दोह्यात थांबणार होता, वेस्ट बेच्या एका हॉटेलात. चारला त्याची टॅक्सी. तिने शहाजीला गाठून विचारलं, "भाई, वीस मिनिट?" शहाजी म्हणाला, "यल्ला, चलो, दिया." बाकीच्यांना सांगायचं, टायर तपासतोय.

तो दिवस दसऱ्याचा निघाला. शहाजी दसऱ्याला गाडीची पूजा केल्याशिवाय चावी फिरवत नाही. दरवर्षी आरशाला हार बांधायचा, पण मागच्या वर्षी पोलिसाने हटकलं होतं. म्हणून यंदा त्याने अल नस्रच्या दुकानातून झेंडूचा हार आणला आणि शेजारची सीट मोकळी बघून तिच्या डोक्याच्या उशीवर घातला. वर कुंकवाचं बोट टेकवलं. आमच्यातल्या कुणालाही त्यात काही वावगं वाटलं नसतं.

दुपारी तीनला ड्युटी संपवून माणसं आली. पहिला पायरीवर चढला आणि थबकला. पट्टा बांधलेला, गळ्यात हार, कपाळाला लाल. मग एकेक जण सीटकडे न बघता मागे जाऊन बसला.

हॉटेलसमोर शहाजीने व्हॅन उभी केली. भाऊ फुटपाथवर बॅग घेऊन उभा. यामिला उठेना.

"बहन, जाओ ना," शहाजी म्हणाला.

तिने दाढी कुरवाळली आणि सीटकडे बोट दाखवलं. "तुम भी उसका आदमी."

"मी भावा-बहिणीत आलो, बाई," शहाजी मला सांगत होता. "साडेतीन झालं हुतं. हार उतराय हात लावला, तर मागची सगळी दचाकली. मग मी एकच केलं. आरसा छताकडं फिरवला. मागं वळून म्हनलं, आता मला मागचं काय दिसत न्हाई."

म्हाताऱ्या डॉक्टरने ते बघितलं. त्याने डोळे मिटले. शेजारणीने मिटले. मग एकेक करत तेराही जणांनी. झोपल्यासारखे नव्हे, गच्च, पापण्या थरथरेपर्यंत. जे पाहिलंच नाही ते विचारलं तरी सांगणार काय?

शहाजी पुन्हा समोर वळला. दार सरकलं. पावलं उतरली.

"आता जागा आम्ही दोघंच," शहाजी म्हणाला. "मी आन् त्ये. हार हालत हुता. वाऱ्यानं असंल. पन बाई, श्वास घेतल्यागत हालत हुता. त्येच्याकडं मान वळवायचा धीर न्हाई. शेवटाला हात जोडलं. म्हनलं, सायेब, माझ्या बापानं तुमच्या नावानं घोषना दिल्यात. वाईच तुमी पन डोळं मिटा."

"मग?"

"मग हार थांबला. खोटं न्हाई सांगत."

वीस मिनिटांनी दार पुन्हा सरकलं. कुणीतरी नाक ओढत मागे जाऊन बसलं. शहाजीने गिअर टाकला, गाडी हलली, तेव्हा मागून म्हाताऱ्या डॉक्टरचा आवाज आला, "सिग्नल था क्या?"

"हां, डॉक्टरसाब," शहाजी म्हणाला. "बहुत लंबा सिग्नल था."