पावाच्या दुकानातला रामराम

कडेगावच्या एसटीत खिडकीपाशी एक आजी बसल्या होत्या. "जरा सरका," म्हणत मी शेजारी टेकलो आणि फोनवर बायकोशी आमच्या पॅरिसच्या सहलीचं बोलत राहिलो. तिकिटं, नकाशे, तिथले पाकीटमार. फोन ठेवला तशा आजी पदर सारखा करत म्हणाल्या, "लेकीच्या बाळंतपणाला मी तितं चार म्हयने ऱ्हायले. पयल्या दिशी दुकानात शिरले आन् पावाकडं बोट दावलं. दुकानवाली बघंचना. लेक म्हनली, आदी 'बोंजूर' म्हन, म्हंजे आपला रामराम. म्हनलं, तवा हसून दिला पाव."

"आणखी काय लक्षात ठेवायचं?"

"एवढंच. आदी रामराम, मग काम."

उतरताना त्यांनी मला रामराम घातला, कंडक्टरलाही. त्यांच्याशी माझी सुरुवात 'सरका'ने झाली होती.