बयाबाईची साठ इंजेक्शनं

आटपाडीकडच्या बयाबाई धनगरणीला क्षय झाला तो चौऱ्याहत्तर साली, आणि तोही ऐन दिवाळीच्या तोंडावर. आटपाडीच्या दवाखान्यात साठ इंजेक्शनं सांगितली, रोज एक. वीस झाली आणि रानातला चारा संपला. आता मेंढरांना काय सांगणार, बाईची चाळीस राहिलीत, तवर दगड चघळा म्हणून?

बिऱ्हाड घोड्यावर लादून कृष्णाकाठी आलं. नानासो ऊसवाल्यांनी मेंढरं आपल्या रानात बसवून घेतली. लेंड्यांचं खत कुणाला नको असतं? बयाबाई पदराला बांधलेलं कार्ड घेऊन तिथल्या दवाखान्यात गेली. कारकुनानं ते मेलेल्या उंदरासारखं चिमटीत धरलं.

"हे आटपाडीचं आहे. तिकडं जा."

"आवं सायेब, तिकडं आता कोण हाय? मेंढरं हितं, म्हंजी घर हितं."

"मग मेंढरांच्या डॉक्टरकडनं टोचून घे."

याच दवाखान्याचा कंपाउंडर रोज सकाळी सायकल मारत नानासोंच्या बंगल्यावर इंजेक्शन द्यायला जाई. त्यांच्या सुनेलाही हाच रोग होता. बंगल्यात त्याला छातीतला गारठा म्हणत, एवढाच फरक.

बयाबाईनं कारकुनाचा शब्द खाली पडू दिला नाही. चार दिवसांनी ढोरांच्या दवाखान्यातला सयाजी लस टोचायला आपल्या पायांनी रानात आला. मेंढरांना कुणी कार्ड विचारत नाही. बयाबाईनं त्याच्यापुढं कार्ड धरलं, एक बकरं विकून मिरजेहून औषधाच्या बाटल्या आणवल्या. सयाजीनं तिच्या नवऱ्याला, अर्जुनाला, सुई उकळायला आणि औषध मोजायला शिकवलं.

"मान गुडघ्यात धरू नगं रं गड्या, ही मेंढी न्हाई."

"मेंढी बरी," अर्जुना म्हणाला, "ती शिव्या तरी देत न्हाई."

चाळीस पुरी झाली. ज्येष्ठात मेंढरं परतली, तर आटपाडीच्या रजिस्टरात बयाबाईच्या नावापुढं लाल शाईत 'उपचार सोडला'.

"तुम्ही लोक अर्धवट सोडता आणि मरता," डॉक्टर म्हणाले. "नाव कमी केलंय. गोळ्या मिळायच्या नाहीत."

गोळ्या अजून वर्षभर लागणार होत्या. बयाबाईनं ओटीतल्या चाळीस रिकाम्या बाटल्या टेबलावर ओतल्या.

"कुणी टोचली?"

"धन्यानं."

"असलं लिहायला रजिस्टरात रकाना नाही."

"मग आखा की. आमी बसतो."

ती बसली. बाहेर अर्जुनानंही मेंढरं बसवली, दीडशे, दवाखान्याच्या पायरीपासून थेट डॉक्टरांच्या दारापर्यंत. ऊसवाले या खतासाठी धान्य मोजतात, इथं फुकट.

दुपारच्या आत रकाना आखून झाला.